एकचाकी इलेक्ट्रिक बोर्ड आणि नागपूरच्या कच्च्या वाटा : कसं चालवायचं ते आपसात ठरवू या

चाकावरचा

नमस्कार मंडळी,

दिवाळी झाली, सकाळचे स्वेटर निघाले. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स आणि गोरेवाड्याकडच्या रस्त्यावर फिरणाऱ्यांची गर्दी वाढली. त्यात आता आम्ही एकचाकी इलेक्ट्रिक बोर्डवालेही आहोत. आम्ही थोडेच आहोत, पण वस्तू नवी असल्यामुळे एकानं वेडंवाकडं चालवलं तरी ते सगळ्यांच्या लक्षात राहतं. वाटेवर कसं वागायचं हे कुणाला लागायच्या आधी ठरावं, म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी आधी बोर्ड सांगतो. मधोमध एकच रुंद टायर आणि त्याच्या पुढे-मागे पाय ठेवायला फळी. हँडल नाही, ब्रेकची दांडी नाही. पुढे झुकलं की पळतो, मागे रेललं की मंदावतो. अमेरिकेतल्या फ्यूचर मोशन कंपनीनं २०१४ मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून ‘वनव्हील’ आणला, आणि आता अशा कुठल्याही बोर्डाला लोक वनव्हीलच म्हणतात. त्यातला लहान ‘पिंट’ साडेदहा किलोच्या आसपास, वेग ताशी २५ किमीपर्यंत. मोठा ‘जीटी’ सोळा किलोच्या घरात आणि ताशी ३२ किमीपर्यंत जातो.

वाटेवरच्या इतर लोकांसाठी यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक म्हणजे कच्च्या वाटेवर याचा आवाज जवळजवळ येत नाही. मुरुमावर टायर थोडा करकरतो, पण तो ऐकू येईपर्यंत बोर्ड पाठीशी आलेला असतो. दुसरी म्हणजे हा सायकलसारखा कचकन थांबत नाही. तोल सांभाळणं आणि ब्रेक लावणं ही दोन्ही कामं एकच मोटर करते. वेग मर्यादेच्या जवळ गेला की मोटरकडे शिल्लक जोर उरत नाही. तेव्हा बोर्ड स्वतःच नाक वर उचलून चालवणाऱ्याला मागे रेटतो, त्याला आम्ही पुशबॅक म्हणतो. तो न जुमानता रेटत राहिलं की नाक जमिनीवर आदळतं आणि माणूस पुढे फेकला जातो. हाच नोजडाइव्ह. चार मृत्यूंच्या नोंदीनंतर सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे तीन लाख बोर्डांसाठी सुरक्षेच्या कारणावरून रिकॉल (माल परत मागवणं किंवा दुरुस्त करून देणं) जाहीर झाला. मर्यादा जवळ आल्यावर बोर्ड थरथरून सूचना देईल असं नवं सॉफ्टवेअर बहुतेक मॉडेलना दिलं गेलं. ज्यांनी जुना बोर्ड कुणाकडून घेतला आहे त्यांनी ते सॉफ्टवेअर चढवलं आहे का हे आजच बघा.

आता आकडा बघा. ताशी २० किमी म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. दहा मीटरवर झुडपाआड वळण असेल तर पलीकडे कोण आहे हे कळायला तुमच्याकडे दोन सेकंदही नाहीत. म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात ठाम म्हणणं हे की जेवढी वाट दिसते त्याच्या निम्म्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवायचा. माणूस दिसला की चालण्याच्या वेगावर यायचं, ताशी पाच-सहा किमी. त्या वेगात उतरणंही सोपं असतं, पुढच्या फळीवरून टाच उचलली की सेन्सर सुटतो आणि मोटर बंद होते. वाट अरुंद असेल तर उतरा, बोर्ड हातात घ्या आणि चालत पुढे जा. पायी माणसाला आपल्यासाठी बाजूला व्हायला लावायचं नाही.

ही शिस्त काही मी काढलेली नाही. बाहेर जिथं पायी, सायकल आणि घोडे एकाच वाटेवर असतात तिथंही चाकवाला पायी माणसाला वाट देतो, घोड्याला दोघंही देतात, आणि उतरणारा चढणाऱ्यासाठी थांबतो. आपल्याकडे घोड्याच्या जागी गाई-म्हशी धरा.

तुमचे अनुभव लिहा. न चालवणाऱ्यांनी तर नक्कीच लिहा.

पहाटफेरी

मी रोज सकाळी अंबाझरीकडे फिरायला जातो. वय बहात्तर, डाव्या कानानं कमी ऐकू येते. हा धागा काढला ते फार बरं केलं.

आम्ही चार-पाच जण आडवे चालतो. गप्पांसाठीच तर येतो, एकामागे एक चालायला जमणार नाही. मागून कोणी घंटी वाजवली की माणूस दचकतो आणि दचकला की कुठल्या बाजूला सरकेल याचा नेम नाही. माझ्या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड, मग पुढचे काही महिने पलंगावर. तुम्हाला खरचटेल, माझं चालणं बंद होईल. एवढाच फरक लक्षात ठेवा.

आणि नुसतं “डावीकडे! डावीकडे!” असं ओरडू नका. आम्ही तिकडेच सरकतो.

चाकावरचा

काकाजी, अगदी बरोबर. आम्ही गटात ठरवलंय ते असं. पंधरा-वीस मीटर आधीच वेग उतरवायचा, आणि माणसाशी बोलतो त्या आवाजात पूर्ण वाक्य म्हणायचं : “काकाजी, मागून बोर्ड येतोय, तुम्ही चालत राहा, मी उजवीकडून जातो.” कुणी मागे वळून पाहिलं किंवा हात केला की मगच पुढे जायचं. उत्तर आलं नाही तर ऐकू गेलं नाही असं समजायचं आणि उतरायचं. घंटी वळणाच्या आधी वाजवायला ठीक आहे, माणसाच्या पाठीमागे नाही.

तर्री_पोहे

भाऊ, इतकं कायले मनावर घेऊन राहिले? मी सिव्हिल लाइन्सकडून बोर्डावर जातो, आजपर्यंत कोणी काही बोललं नाही. बोर्डाचं नाव कुठल्याच नियमात नाही, म्हणजे बंदी पण नाही ना. सायकलवाले तिशीच्या वेगानं सुसाट जातात, त्यांना कोणी विचारत नाही. आपणच कायले स्वतःवर बंधनं लावून घ्यायची? उद्या हेच दाखवून आपल्याला बाहेर काढतील.

कलम_बघा

@तर्री_पोहे, नाव नाही म्हणून मोकळीक आहे असं नसतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाला मोटार वाहन न मानण्याची सवलत आहे. तिच्या अटींमध्ये मोटरची तीस मिनिटांची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी, आणि हे अधिकृत चाचणी संस्थेनं तपासून मान्य केलेलं असावं, असं आहे. पिंटसारख्या छोट्या बोर्डाची मोटरसुद्धा ७५० वॉटची असते. म्हणजे सवलतीत बसत नाही. सार्वजनिक रस्त्यावर चालवताना कुणाला लागलं तर तुमच्या बाजूनं विमाही नाही आणि नोंदणीही नाही. सिव्हिल लाइन्समध्ये आजवर कुणी अडवलं नाही यावर भरवसा ठेवू नका.

उद्यानं आणि जंगल हा आणखी वेगळा विषय. अंबाझरीचं जैवविविधता उद्यान वनविभागाचं आहे, गोरेवाडा प्रकल्प वनविकास महामंडळाकडे आहे. तिथं मोटर असलेलं काहीही आत न्यायचं तर गेटवर विचारायचं, आणि “नाही” म्हटलं तर विषय संपला. कुंपणाच्या फटीतून राखीव वनात शिरणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. अमेरिकेत हा बोर्ड जन्माला आला, तिथंही राष्ट्रीय वनांतल्या कितीतरी वाटा मोटरविरहित वापरासाठीच राखीव असतात आणि बोर्ड त्यांवर चालत नाही.

चाकावरचा

@कलम_बघा ताईंनी लिहिलं ते सगळ्या बोर्डवाल्यांनी दोनदा वाचावं ही विनंती.

@तर्री_पोहे, तू म्हणतोस ती भीती मला कळते. पण आपल्याला बाहेर काढलं तर ते कुठल्या नियमावलीमुळे नाही, एखादा म्हातारा माणूस पडल्यामुळे काढतील. विचारून, दिवसा, ठरलेल्या वाटेवर चालवणाऱ्याला निदान बोलायला तोंड राहतं. आमच्यातल्या काहींनी एका खासगी लेआउटच्या मालकाला विचारून तिथल्या रिकाम्या मुरुमाच्या रस्त्यांवर सराव सुरू केलाय. नवा माणूस आधी तिथं शिकतो. फिरायच्या वाटेवर शिकायचं नाही, यावर आमच्यात तडजोड नाही.

धावती

मला एक गोष्ट लिहायची आहे जी पुरुष रायडरांच्या डोक्यात सहसा येत नाही.

मी पहाटे साडेपाचला धावते, बरेचदा एकटी. थंडीत तेव्हा अंधारच असतो. मागून एक दिवा येतो. आवाज नाही. तो दिवा माझ्या मागे, माझ्याच वेगानं, थोडा वेळ तसाच राहतो. बोर्डवाला बिचारा कदाचित “ताई धावताहेत, घाई कशाला, मागे राहू” असा भला विचार करत असेल. पण मला त्या वेळी मागे कोण आहे, का आहे, काहीच माहीत नसतं. छाती धडधडते. मी मोबाइल हातात घेते आणि दिव्याखाली कोणी माणसं आहेत का ते शोधते.

म्हणून अंधारात एकटी बाई दिसली तर मागे मागे राहू नका. लांबूनच आवाज द्या, वाट रुंद असेल तर पलीकडच्या कडेनं, भरपूर अंतर ठेवून पुढे निघून जा आणि मग परत मंद होऊ नका. वाट अरुंद असेल तर थांबा, मला लांब जाऊ द्या. आणि छातीवर किंवा हेल्मेटवर कॅमेरा लावून फिरता तेव्हा आमचे चेहरे कुठे चढवू नका. विचारल्याशिवाय अजिबात नाही.

पहाटफेरी

बेटा, हे वाचून वाईट वाटलं. माझी नात पण पहाटे धावते. या मुलांनी हे नक्की ऐकावं.

चाकावरचा

@धावती, मनापासून आभार. तुम्ही लिहिलंत ते मी आमच्या गटात जसंच्या तसं टाकतोय. अंधारात पायवाटांवर जायचंच नाही, उजाडल्यावर निघायचं, असं मी आजपासून गटात मांडतो. थंडीत पावणेसातशिवाय नीट दिसत नाही, तर तोवर घरी चहा घ्यावा.

सायकल_धरमपेठ

आमच्यावर वर बोट दाखवलं गेलं म्हणून लिहितो. सायकलवाल्यांपैकी काही जण फार वेगानं जातात हे खरं आहे आणि ते चूकच आहे. शिस्त सगळ्या चाकांना सारखी हवी.

मला भर घालायची आहे ती गटानं जाण्याबद्दल. पाच-सहा बोर्ड एकापाठोपाठ गेले की पहिल्यानं हाक दिली म्हणून बाकीचे गप्प जातात. फिरणारा माणूस पहिला गेला की निर्धास्त होऊन पुन्हा मधोमध येतो, आणि दुसरा त्याच्या खांद्याला घासून जातो. पहिल्यानं सांगायचं, “मागे अजून चार आहेत”, आणि शेवटच्यानं सांगायचं, “मी शेवटचा.” दोघातिघांपेक्षा जास्त एकत्र जाऊच नका, गेलात तर अंतर ठेवा.

चढावर येणारा सायकलवाला पायडल मारत असतो, त्याला थांबवलं तर पुन्हा चढावर सुरू करायला जीव जातो. तुम्हाला मोटर आहे. थांबून वाट द्या.

टेकडीवाला

सेमिनरी हिल्सकडे राहणाऱ्यांसाठी एक तांत्रिक पण फार महत्त्वाची गोष्ट. बोर्ड ब्रेक लावताना मोटर उलटी वापरून वीज परत बॅटरीत भरतो. रात्रभर चार्ज लावून सकाळी शंभर टक्क्यांवर घराबाहेर पडलात आणि लगेच उतार लागला, तर ती वीज ठेवायला बॅटरीत जागाच नसते. बोर्ड आधी पुशबॅक देतो, तरी उतरत राहिलात तर बंद पडू शकतो. म्हणजे ऐन उतारावर ब्रेक नाही आणि खाली फिरणारी माणसं. टेकडीवर राहता तर चार्ज थोडा कमी ठेवून निघा किंवा आधी सपाटीवर फिरून घ्या.

दुसरं, तुम्ही पडलात तरी बोर्ड थांबतोच असं नाही. पाय सुटले की मोटर बंद, पण चाक मोकळं. बारा-पंधरा किलोचं वजन उतारावर गडगडत जातं. म्हणून उतारावर खाली माणसं असतील तर चालवूच नका, उचलून न्या.

बिनघाई

माझ्याकडे बोर्ड नाही, इलेक्ट्रिक युनिसायकल आहे, दोन्ही पाय चाकाच्या दोन बाजूंना असतात ती. वर लिहिलेलं सगळं आम्हाला दुपटीनं लागू आहे. मोठ्या युनिसायकली ताशी ५० च्याही पुढे जातात आणि जडही असतात. लोकांना बोर्ड आणि युनिसायकल यांतला फरक कळत नाही, कळायची गरजही नाही. एकानं घाण केली की नाव दोघांचं जातं. मनगटाचे गार्ड आणि हेल्मेट घालणं हाही मी शिस्तीचाच भाग धरतो. आपण पडून रक्तबंबाळ झालो तर आपल्याला उचलायला फिरणाऱ्या माणसांनाच धावावं लागतं.

रातवा

पक्षीनिरीक्षक म्हणून लिहीत आहे. तुम्ही सगळे माणसांबद्दल लिहिताय, बरोबरच आहे. पण वाटेवर खाली पण बघा.

टिटवी घरटं बांधत नाही. मुरुमात, खड्यांमध्ये नुसता खळगा करून त्यात सहसा चार अंडी घालते. अंड्यांचा रंग मातकट, त्यावर काळपट ठिपके. उभं राहून दोन हातांवरून बघितलं तरी ती खडेच वाटतात. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत तलावांच्या कडेच्या उघड्या माळावर हे चालतं. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून “टिटीव टिटीव” ओरडत असेल, किंवा पुढे पुढे पळून तुम्हाला एका दिशेला नेत असेल, तर अंडी किंवा पिल्लं जवळच आहेत. त्या क्षणी उतरा, आलात त्याच रेषेनं चालत मागे जा. तुमचा टायर सायकलच्या टायरपेक्षा कितीतरी रुंद आहे, एकदा वरून गेला तरी अंडी संपली.

आणि ज्याचं नाव मी घेतलं आहे तो रातवा संध्याकाळी कच्च्या वाटेवर अगदी मधोमध बसतो. मातीच्याच रंगाचा. दिव्यात त्याचे डोळे चमकतात तेवढंच दिसतं, आणि तो शेवटच्या क्षणापर्यंत उडत नाही. संध्याकाळी न जाण्याचं हे अजून एक कारण.

मळलेली वाट सोडून गवतातून नवी रेष पाडू नका. एकदा रेष पडली की दुसरा तिच्यावरून जातो, मग पावसात ती नाली होते.

पांदणवाट

शहरातल्या वाटांवरून हे लोक आता हिंगणा, कळमेश्वरकडच्या पांदणीपर्यंत येऊन राहिले म्हणून लिहितो. आमच्याकडे याच. पण पांदण म्हणजे ट्रेल नव्हे. ती शेतात जायची वाट आहे, लोक कामाला जातात.

आत्ता कापूस वेचणी चालू आहे. संध्याकाळी बाया डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन येतात. ते गाठोडं एवढं मोठं असते की खांद्याच्याही बाहेर येते, एक हात वर धरलेला. तिला मान वळवता येत नाही. मागून आवाज आला तरी ती बघू शकत नाही, बघायला गेली तर गाठोडं जाते. तिच्या मागून कधीच काढू नका. थांबा, ती धुऱ्याकडे, म्हणजे शेताच्या बांधाकडे, वळली की मग या. समोरून येत असाल तर आधीच उतरून कडेला उभे राहा.

बैलांना हे नवीन आहे. माणूस उभा आहे आणि पाय न हलवता सरकून राहिला, हे त्यांना समजत नाही. गाडीला जुंपलेली जोडी बिथरली तर गाडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचा जीव जातो. बैलगाडी लांबून दिसली की बोर्ड बंद करून, गवतात आडवा ठेवून, पायी माणसासारखे उभे राहा. धुरकरी हात करेल तेव्हाच हला.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाच्या झाडाखाली बाया, लेकरं मोहफुलं वेचत बसलेली असतात. फूल रात्रीतून, पहाटे गळते, म्हणून ती वेळ. जमिनीवर वाकलेली माणसं पालापाचोळ्यात दिसत नाहीत. आणि जे फूल तुमच्या टायरखाली गेलं ते त्यांचं त्या दिवसाचं पोट आहे. झाडाखालून जाऊच नका.

शेतातून तर नाहीच. हरभरा आत्ता इतुकला इतुकला आहे, रिकामं शेत समजून लोक मधून काढतात.

तर्री_पोहे

वर मी जे लिहिलं ते फक्त शहरातलं डोक्यात धरून लिहिलं होतं. गाठोड्याचं आणि मोहाचं आम्हाला कोणी सांगितलंच नसतं. वेगाच्या बाबतीत मात्र माझं म्हणणं अजून आहे. रिकाम्या, रुंद, दूरवर दिसणाऱ्या रस्त्यावर पाच-सहाच्या वेगानं चालवायचं असेल तर मग बोर्ड घेतला कशाला?

चाकावरचा

रिकाम्या आणि दूरवर दिसणाऱ्या रस्त्यावर कोणी तुला अडवत नाही, अर्थात तिथं परवानगी असेल तर. पाच-सहा माणूस दिसल्यावर. वळण, झुडूप, पूल, मोरी, गेट इथं माणूस दिसत नसला तरी आहे असंच धरायचं.

@पांदणवाट, दादा, इतकं नीट लिहिलंत त्याबद्दल आभार. तुमच्याकडे यायचं तर आधी गावात कुणाला विचारावं? सरपंच की शेतमालक?

पांदणवाट

पांदणीवर कोणाचं बंधन नाही, पण पहिल्यांदा येताना ज्या शेतकऱ्याचं शेत लागून आहे त्याला भेटा. चहा पाजल्याशिवाय सोडणार नाही. तोच सांगेल कोणता बैल मारका आहे आणि कुठं तारेचं कुंपण वाटेत आलं आहे. रानडुकरासाठी काही ठिकाणी आडव्या तारा असतात, त्या बोर्डावरून दिसत नाहीत.

सायकल_धरमपेठ

एक प्रश्न राहिला. पावसानंतर किती दिवसांनी वाटेवर जावं? आणि वाटेत डबकं लागलं तर बाजूनं की मधून?

टेकडीवाला

दिवसांवर नका मोजू, मातीवर मोजा. मुरुमाची वाट लवकर निथळते, एक चांगलं ऊन पडलं की जमते. काळी माती वेगळी. ती ओली असताना टायरवर थर चढत जातो, बोर्डाच्या फटीत लोंदा अडकतो आणि चाक जाम होतं. त्याच वेळी वाटेत खोल चर पडतो, तो वाळला की सिमेंटसारखा कडक होतो आणि पुढचे कित्येक आठवडे चालणाऱ्याचा पाय त्यात मुरगळतो. वाटेच्या कडेची मूठभर माती उचलून दाबा. गोळा झाला आणि बोटाला चिकटला तर त्या दिवशी परत फिरा. दाबल्यावर भुगा झाला तर जा.

डबकं लागलं तर उतरून बोर्ड हातात घ्यायचा आणि वाटेच्या आतूनच पाय भिजवत पलीकडे जायचं. बाजूनं गेलं की दरवेळी वाट हातभर रुंद होते आणि गवत मरतं. बोर्डावर उभं राहून पाण्यातून जाऊ नका, खोली कळत नाही आणि पाणी बॅटरीच्या डब्यात गेलं तर महागात पडेल.

चाकावरचा

मातीची ही परीक्षा मी गटात टाकतो. येत्या रविवारी सकाळी सातला लेआउटवर सराव आहे. नवीन बोर्ड घेतलेल्यांनी हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड घेऊन यावं, जास्तीचे दोन जोड माझ्याकडे आहेत. @पहाटफेरी काकाजी, @धावती, तुम्हालाही बोलावतो. तुम्ही पुढे चालायचं आणि आमची हाक कुठून, किती लांबून नीट ऐकू येते ते सांगायचं. काकाजी, तुमच्या डाव्या बाजूनंही हाक देऊन बघू.

पहाटफेरी

येतो. दोन मित्रांनाही आणतो, त्यातल्या एकाला दोन्ही कानांनी कमी ऐकू येते.